सहा फूट दहा इंच: अडगळीच्या खोलीची पोरीची खोली झाली त्याचा सगळा हिशोब

आधी मापं सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रुंदी 6 फूट 10 इंच, लांबी 8 फूट 3 इंच, उंची 9 फूट 4 इंच. पश्चिमेच्या छोट्या भिंतीत एक खिडकी, तीन बाय चारची, उभ्या गजांची. समोरच्या पूर्वेच्या भिंतीत एका कोपऱ्यात दार. वर थेट गच्चीचा स्लॅब. क्षेत्रफळ झालं साधारण 56 चौरस फूट, म्हणजे पाच चौरस मीटरच्या जरा वर. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घरातली दुसरी, लहान खोलीसुद्धा निदान साडेसात चौरस मीटर आणि 2.1 मीटर रुंद हवी असं आहे, म्हणजे आमची खोली क्षेत्रफळात तर सपशेल नापास आणि रुंदीत दोन सेंटीमीटरने नापास. पण घर आहे इंदूरच्या सुदामा नगरातलं 15 बाय 50 च्या प्लॉटवरचं, सासऱ्यांनी टप्प्याटप्प्याने बांधलेलं, आणि जिना चढून गेल्यावर जो तुकडा उरला त्याला दार लावलं ती ही खोली. ती कुणासाठी म्हणून बांधलेलीच नव्हती.

त्यामुळे वीस वर्षं तिथे सामान राहत होतं. माझ्या लग्नातली लोखंडी पेटी, आईंचं शिवणयंत्र (आई म्हणजे सासूबाई, बाबा म्हणजे सासरे), पाहुण्यांच्या सहा गाद्या, कुरडया-पापडाचे डबे, गणपतीचं मखर, बाबांच्या नोकरीतल्या फायलींचे गठ्ठे, आणि एक लोखंडी कपाट ज्यात काय आहे ते कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. 2017 पासून आमचं इंदूर स्वच्छतेत पहिला नंबर काढतंय, आणि आमच्या घरात ही खोली. ती रिकामी करायला दोन महिने लागले त्याची कथा सांगत बसत नाही, फक्त एवढंच की मखर आणि पेटी जिन्यावरच्या माळ्यावर गेली, शिवणयंत्र आमच्या बेडरूममध्ये आलं (अजून माझ्या पायाला लागतं), आणि फायली बाबांनी स्वतः एकेक बघून रद्दीत दिल्या, ते काम त्यांच्याशिवाय कुणी केलं असतं तर घरात महाभारत झालं असतं.

खोली हवी कशाला, तर लेक सात वर्षांची झाली, आमच्या पलंगावर तिघं मावेनात, आणि ती खाली आजीपाशी झोपायला लागली तर आजीच्या गुडघ्यांना रात्री लाथा बसायला लागल्या. अभ्यास जेवणाच्या टेबलावर, चित्रं हॉलमध्ये, खेळणी जिन्यात. कुणाकडेही गेलं की त्यांच्या मुलांची खोली दिसायची आणि आमच्या घरी हा विषय निघायचा. तर 2023 च्या फेब्रुवारीत ठरलं की वरची खोली तिची.

आता पहिली चूक, आणि ती मोठी आहे म्हणून सावकाश सांगते. आम्ही दोघांनी मोबाइलवर लहान खोल्यांचे शंभर फोटो बघितले आणि सगळीकडे एकच उत्तर, उंच पलंग, वर झोपायचं आणि खाली टेबल. डोक्यात बसलं की जागा वाढवायची तर वर जायचं. अन्नपूर्णा रोडवरून येता-जाता एका दुकानात तसा तयार पलंग दिसायचा, लोखंडी पाइपचा, गुलाबी शिडीचा, 24 हजारांचा. दुकानदार म्हणाला, "मैडम, इसमें एक के दो कमरे हो जाएँगे." झाले नाहीत.

पलंग आला त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन दुसऱ्याच कामासाठी घरी होता. तो दारात उभा राहिला, वर बघितलं, आणि म्हणाला, "भिया, पंखा?" आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मग टेप काढली. पलंगाची फळी 59 इंचांवर, गादी धरून 65. पोरगी मांडी घालून बसली की बुडापासून डोक्यापर्यंत 27 इंच, म्हणजे डोकं 92 वर. छताच्या पंख्याची पाती 98 वर. मध्ये सहा इंच. आणि पंखा मध्यभागी आहे की, पलंग तर भिंतीला आहे, असं आमचे हे म्हणाले, तर खोली 82 इंच रुंद, पंखा 48 इंची, म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून 17 इंचांवर येतं, आणि पलंग 38 इंच रुंद. पलंगाचा 21 इंचांचा भाग थेट पात्यांखाली. रात्री उठून तिने फ्रॉक डोक्यावरून काढायला हात वर केला असता तर काय झालं असतं ते मी आजही पूर्ण विचार करत नाही. भारतातल्या घरात उंच पलंग घेताना पहिला प्रश्न पंख्याचा असायला हवा, आणि ज्या फोटोंना बघून आम्ही भुललो त्यातल्या एकाही खोलीत छताला पंखा नव्हता, कारण ती घरं थंड देशातली.

पंखा त्याच संध्याकाळी उतरवला आणि 16 इंची भिंतीवरचा लावला. सुरक्षा झाली पण मग एप्रिल आला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको, स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आठ-नऊला खोलीत सोडायला लागतो, बाहेर गच्चीवर माळव्याची छान थंडगार रात्र पडलेली असते आणि छताला हात लावला तर तवा. भिंतीवरच्या पंख्याची हवा वरच्या पलंगावर नीट पोचेना. एका रात्री साडेनऊला मी थर्मामीटर (खोलीचा, भिंतीवर टांगायचा) वर ठेवला तर साडेछत्तीस आणि फरशीवर चौतीस. अडीच डिग्रीचा फरक आकड्यात काही नाही वाटत, पण डोक्यापासून पावणेचार फुटांवर तापलेला स्लॅब असला की अंगाची आगच होते. गच्चीवर चुना मारला, त्याने थोडा फरक पडला, पुरेसा नाही. पोरगी आठ दिवस वर झोपली, मग खाली टेबलाशेजारी चादर टाकून झोपायला लागली, मग परत आजीकडे.

शेवट जुलैत झाला. तिला ताप आला होता, आणि त्या दिवशी हट्टाने वर झोपली होती. रात्री दोन वाजता मी प्लास्टिकच्या स्टुलावर उभी, एका हाताने पाइप धरलेला, दुसऱ्या हाताने कपाळावर ओली पट्टी, वाटी पलंगाच्या कडेला ठेवलेली ती कलंडली आणि पाणी माझ्या बाहीतून कोपरापर्यंत. तिला कुशीत घ्यायचं तर घेता येईना. ती वर, मी खाली. तिथेच ठरवलं की हा पलंग जाणार. नंतर शोधलं तेव्हा हेही कळलं की अमेरिकेत अशा पलंगांना नियम आहे, सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वर झोपवू नये आणि कठडा गादीच्या वर किमान पाच इंच हवा. आमची सात पूर्ण होती, पण आम्ही चार इंचीऐवजी मऊ म्हणून सहा इंची गादी घेतली होती त्यामुळे कठडा उरला होता साडेतीन इंच. म्हणजे तिथेही आम्हीच मूर्ख. ऑगस्टमध्ये पलंग नऊ हजारांना विकला. पंधरा हजार पाण्यात.

मग खोली रिकामी. पुढे काय करायचं यावर आमच्या दोघांत अबोला होता, खर्च झाला होता, सणवार सुरू झाले, आणि खोली दिवाळीपर्यंत तशीच पडून राहिली. नुसती फरशी, एक जुनी सतरंजी, भिंतीवरचा पंखा. आणि इथे ती गोष्ट झाली. पोरगी रोज तिथे जायला लागली. फर्निचर होतं तेव्हा बोलावून जात नव्हती आणि काहीच नव्हतं तेव्हा शाळेतून आली की दप्तर जिन्यात टाकून वर. मी दोन-तीनदा हळूच जाऊन बघितलं. पालथी पडलेली, कोपर टेकलेले, पाय गुडघ्यात वाकवून हवेत, एक पाय दुसऱ्याला घासत, समोर ड्रॉइंगची वही आणि स्टीलच्या डब्यातले स्केचपेन सगळे बाहेर, टोपणं वेगळी आणि पेनं वेगळी. तासभर. मी खरंच टेप घेऊन गेले आणि तिला न उठवता मोजलं, "आई, काय करतेयस?" "काही नाही गं, तू काढ." पालथ्या पडलेल्या पोरीला पसाऱ्यासकट साडेचार फूट बाय साडेतीन फूट लागतात. आम्ही खोलीची मापं चारदा घेतली होती, पलंगाची घेतली होती, पोरीचं माप पहिल्यांदा घेतलं.

तेव्हा ठरलं की आधी फरशीवरचा हा तुकडा राखायचा आणि उरलेल्या जागेत बाकी सगळं बसवायचं, बसलं नाही तर ते सामान खोलीत येणार नाही. उलटं करायचं नाही.

यावेळी काहीही घेण्याआधी जुने पेपर कापले. पलंगाच्या आकाराचा कागद, कपाटाचा, टेबलाचा, सेलोटेपने फरशीला चिकटवले आणि चार दिवस पोरीला सांगितलं की कागदावर पाय ठेवायचा नाही, तिथे फर्निचर आहे. हा प्रकार इतका साधा आहे की आधी का सुचला नाही याचाच राग येतो. पहिल्या रचनेत पलंग लांब भिंतीला होता, सगळे तसाच ठेवतात, उरली पावणेचार फुटी गल्ली, तिच्या एका टोकाला दार. क्षेत्रफळ कागदावर 30 चौरस फूट पण पोरगी तिथे बसेचना, बसली की दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत. दुसऱ्या दिवशी पलंगाचा कागद खिडकीखाली आडवा टाकला, छोट्या भिंतीला. 78 बाय 36 ची गादी 82 इंचात बरोब्बर बसते, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच. आणि पुढे पाच फूट एक इंच बाय सहा फूट दहा इंचाचा जवळजवळ चौकोन मोकळा. फक्त पाच फूट जास्त मिळाले पण गल्लीची खोली झाली. पोरगी आपणहून मधोमध जाऊन बसली.

आमच्या ह्यांचा विरोध होता की खिडकीखाली पलंग नको, पोरगी उभी राहील. मुद्दा बरोबर होता. गादीसकट पलंग 16 इंच, खिडकीची कड 36 इंचांवर, म्हणजे उभी राहिली तर खिडकी कमरेच्याही खाली येते. आमच्या गजांत साडेतीन इंचांचं अंतर आहे, डोकं जात नाही, आणि उभे आहेत म्हणून शिडीसारखं चढता येत नाही, तेव्हा चाललं. आडव्या पट्ट्यांची ग्रिल असती तर मी हे केलं नसतं. पडद्याला दोरी नको, हे तिथेच ठरलं, साध्या रॉडवरचा पडदा, खिडकीच्या कडेपर्यंतच.

दाराचं गणित मला सगळ्यात आवडलं. अडीच फुटी दार आत उघडतं तेव्हा ते पाव वर्तुळ फिरतं, त्याची जागा जवळपास पाच चौरस फूट. 56 मधले पाच फूट निव्वळ दाराला हलायला! बाहेर उघडावं तर बाहेर जिना, वर येणाऱ्याच्या तोंडावर दार. म्हणून सरकतं केलं, वरच्या पट्टीवर टांगलेलं, बाहेरच्या भिंतीवरून सरकतं. मिस्त्री आधी तयारच नव्हता, "इसमें आवाज़ आएगी," म्हणाला, आणि त्याचं खरं निघालं, ते पुढे सांगते.

कपाट दाराशेजारी, त्याच भिंतीला, साडेतीन फूट रुंद. कपाट किती खोल ठेवायचं यावर मिस्त्रीचा हात आपोआप 24 इंचांवर जात होता कारण मोठ्यांचे कपडे हँगरला अडकवले की तेवढी लागते. मी पोरीचा युनिफॉर्मचा शर्ट हँगरसकट त्याच्यासमोर धरला, 13 इंच. मग 14 इंचांचं कपाट केलं. रॉड 42 इंचांवर, तिचा हात पोचेल असा, वरचे दोन कप्पे गाद्या-स्वेटरचे, ते माझे. दहा इंच फरशी वाचली. ती मोठी होईल तेव्हा काय, असं आईंनी विचारलं, त्यावर उत्तर असं की मोठी होईल तेव्हा कपडे तिरके टांगायचे किंवा घडी करायचे, पाच-सहा वर्षांनंतरच्या हँगरसाठी आजची जागा का द्यायची. कपाट दोन एल क्लॅम्पने भिंतीला आवळलंय, हे मात्र कुणीही चुकवू नये, उथळ कपाट पुढे कलंडायला वेळ लागत नाही आणि मुलं कप्प्यांवर पाय देऊन चढतातच.

पलंगाखाली दोन मोठे खण, चाकांवरचे, चॅनलवर नाही. चॅनलचा खण जड झाला की पोरीला ओढवत नाही आणि चाकाचा खण पूर्ण बाहेर काढून झाडता येतो. हायड्रॉलिकचा पलंग मिस्त्री सुचवत होता पण गादीसकट फळी उचलायची आणि खाली मुलाची बोटं, मला नको वाटलं. पुढे 47 इंच मोकळे आहेत, खण दोन फूट बाहेर येतो, तरी माणूस मागे बसू शकतो. एका खणात खेळणी, एकात पाहुण्यांची अंथरुणं.

टेबलात परत एक फजिती. घडीचं टेबल करायचं ठरलं, 30 बाय 18 इंच, भिंतीला, वापर झाला की खाली पाडायचं. उंचीचं मी नीट वाचलं होतं, युरोपात शाळेच्या फर्निचरचं स्टँडर्ड आहे, ईएन 1729, त्यात 119 ते 142 सेंटीमीटर उंचीच्या मुलांना टेबल 59 सेंटीमीटर आणि खुर्ची 35, आणि त्यापुढच्या मापाला टेबल 64. आपल्याकडे सरसकट 30 इंची टेबल करतात, म्हणजे 76 सेंटीमीटर, मग मुलं खांदे कानाला लावून लिहितात. मिस्त्रीला सांगून भिंतीवरच्या पट्टीला दोन उंचीची भोकं पाडून घेतली, 23 आणि 25 इंच. हे सगळं इतकं हुशारीने केलं आणि टेबल लावलं उत्तरेच्या भिंतीला, म्हणजे उजेड डावीकडून, जसा सगळे सांगतात. पोरगी बसली, लिहायला लागली आणि वहीवर स्वतःच्याच हाताची काळी सावली. ती डावखुरी आहे! आठ वर्षं रोज तिला डाव्या हाताने वरण-भात खाताना बघतेय मी, आणि तिचा बाप, आणि आजी "उजव्या हाताने घे गं" असं आठ वर्षं म्हणतेय, तरी तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबल समोरच्या, दक्षिणेच्या भिंतीला, खिडकी उजवीकडे. उत्तरेच्या भिंतीत चार भोकं राहिली, त्यात तिने खिळे अडकवून दोरा बांधलाय आणि कपड्यांचे चिमटे लावून चित्रं टांगते.

कूलरशिवाय इंदूरमध्ये एप्रिल ते जून निघत नाही आणि खिडकी एकच, म्हणजे तीन महिने उजेडाची खिडकी कूलरने बंद. याला उपाय मला सापडला नाही. खिडकीच्या खालच्या दोन फुटांत मावेल असा छोटा कूलर घेतला म्हणजे वरून थोडा उजेड येतो, आणि टेबलावर एक क्लिपचा दिवा. पण पलंगावरून कूलरला हात लागतो म्हणून लोखंडी नको, प्लास्टिकचाच, अर्थिंग तपासून घेतलं, आणि मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलं जे लीकेज झालं की लाइन पाडतं. ते खरं तर सगळ्या घराला आधीच हवं होतं. दुसरं म्हणजे कूलरची हवा आत आली की कुठून तरी बाहेर जायला हवी, नाहीतर खोली दमट होते आणि चादर चिकट, म्हणून दाराच्या वरचं बुजवलेलं रोशनदान परत उघडलं. 16 इंची पंखा तोच, फक्त आता तो खाली झोपलेल्या माणसावर फिरतो तेव्हा उपयोगाचा झाला.

सामानाचं थोडक्यात. प्लाय 18 मिलीचा, पाणी सोसणारा, आयएस 710 शिक्क्याचा, कारण पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. बिजागऱ्या, चाकं, पट्ट्या सियागंजच्या बाजारातून मी स्वतः आणल्या. काम जानेवारी 2024 मध्ये नऊ दिवस चाललं. त्यानंतर तीन आठवडे खोली उघडी ठेवून पोरीला झोपू दिलं नाही, नव्या प्लायचा आणि चिकटवायच्या गोंदाचा वास डोळ्यांना झोंबतो, त्यातलं फॉर्मल्डिहाइड लहान मुलांच्या श्वासात जायला नको. ती रोज विचारायची, "आज?" हिशोब असा: प्लाय साडेबारा हजार, सनमायका 4,400, हार्डवेअर 3,600, दार पट्टीसकट 7,500, इलेक्ट्रिकचं काम आणि दिवे 1,900, आरसीसीबी आणि अर्थिंगचे 2,600, मजुरी 11 हजार. एकूण 43,500. कूलर आणि गादी यात नाही, गादी जुन्यातली चार इंची नवीन कापसाने भरून घेतली.

रंगाबद्दल सगळे विचारतात. पांढरट पिवळा मारला, खालचे चार फूट धुता येणारा. पांढऱ्या रंगाने आणि आरशाने खोली मोठी दिसते म्हणतात, दिसत असेल दारात उभं राहिलेल्याला, आत राहणाऱ्या पोरीला काय फरक पडतो. उत्तरेची भिंत मोकळी सोडली, तिथे काहीही ठेवायचं नाही असा नियम आहे आणि तो मोडणारी मीच असते, इस्त्रीचे कपडे ठेवायला स्टूल नेलं की लेक खाली आणून ठेवते.

आता सव्वा वर्षानंतर काय टिकलं आणि काय नाही. सरकत्या दाराला फटी असतात, खाली बाबांच्या बातम्या सुरू झाल्या की वर प्रत्येक शब्द, परीक्षेच्या दिवसांत आवाज कमी करायला सांगावं लागतं आणि बाबा करतात पण दहा मिनिटांनी परत वाढतो. पहिल्या पावसाळ्यात गादीमागे भिंतीचा रंग फुगला, तेव्हापासून पलंग भिंतीपासून दोन बोटं लांब असतो, आणि त्या फटीत पेन्सिली, खोडरबर, एकदा अर्धा पेढा. मेमध्ये अजूनही काही रात्री ती आमच्या खोलीत येऊन खाली झोपते, स्लॅब तो स्लॅबच. खेळणी खणात मावत नाहीत तेव्हा खण वाढवत नाही, खेळणी कमी करतो, त्यावर दर तीन महिन्यांनी रडारड होते आणि एकदा मीसुद्धा एक तुटकी बाहुली परत आणून ठेवली.

टेबल गेल्या महिन्यात वरच्या भोकांत गेलं. ती आता 4 फूट 5 इंच आहे. पण टेबलावर फक्त शाळेचा अभ्यास होतो, बाकी सगळं फरशीवर, पालथं पडून, पाय हवेत. गेल्या अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला नणंदेची दोन पोरं आली होती, रात्री उशिरा परत आलो तर 47 इंचांत दोन गाद्या आडव्या टाकून तिघं तिथेच, पलंगावर नुसती उशी.

सध्या एकच गोष्ट पेंडिंग आहे. तिला आतून कडी हवीये. दारावर कागद लावलाय, "टकटक करून या, आजी सोडून." सरकत्या दाराला साधी कडी बसत नाही, आणि मला बाहेरून नाण्याने उघडता येईल अशीच हवी, आतून अडकली तर काय. तिचं म्हणणं की बाहेरून उघडता आली तर ती कडी कसली. मिस्त्री रविवारी येतोय, त्याला मी आधी काय सांगायचं ते सांगून ठेवलंय, आणि आज कळलं की तिनेही सांगून ठेवलंय.